दोन लार्सन : परदेशस्थ व्यापाऱ्यांच्या चरित्राविषयीं एक टिपण

(१) प्रास्ताविक

नामसादृश्यावरून वस्तूंचें ऐक्य मानण्याचा मोह संशोधकास वारंवार फसवितो. ह्याचें एक घरगुती उदाहरण प्रथम देतों. आमचें वास्तव्य बारामतीजवळील कन्हेरी ह्या गांवीं आहे. मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीच्या डोंगरांत जीं प्रसिद्ध लेणीं आहेत त्यांचें नांव कान्हेरी. परगांवचा मनुष्य आमचें गांव विचारतो आणि नांव ऐकतांच, "म्हणजे लेण्यांचें कान्हेरी ना?" असें म्हणतो. वस्तुतः लेण्यांचें नांव 'कृष्णगिरि' ह्या संस्कृत नांवाच्या प्राकृत रूपावरून आलेलें असून तेथील शिलालेखांत 'कण्हसेल' असा उल्लेख येतो. आमच्या कन्हेरीचें नातें कण्हेर ह्या फुलझाडाशीं, म्हणजे संस्कृत 'करवीर' शब्दाशीं, लावणें अधिक सरळ आहे. उच्चार जवळचा, उत्पत्ति निराळी.

गेल्या दिवाळींत असाच एक प्रश्न आमच्यापुढें आला. आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. तो स्थापत्याचा अभियंता असून मुंबईंत नोकरीस आहे. परदेशीं काढलेलें एका बाटलीचें छायाचित्र त्यानें दाखविलें. बाटली चिनी मातीची, घडण शिडाच्या प्राचीन जहाजासारखी, आणि तिजवर 'लार्सन' हें नांव. तो म्हणाला, "गुरुजी, ज्या लार्सनसाहेबांनीं टुब्रोसाहेबांबरोबर मुंबईंत कंपनी काढली, त्यांचाच हा ब्रँडीचा धंदा असेल काय?"

आम्हीं आयुष्यांत मद्यास स्पर्श केलेला नाहीं. परंतु प्रश्न मद्याचा नव्हता, इतिहासाचा होता. म्हणून आम्हीं तो टाळला नाहीं. त्याचें उत्तर एका शब्दांत 'नव्हे' असें आहे. बाटलीवरील लार्सन हे नॉर्वेचे, मुंबईचे लार्सन हे डेन्मार्कचे. एकानें फ्रान्सांत पेढी घातली, दुसऱ्यानें हिंदुस्थानांत. तथापि दोघांच्या हकीकती जवळ ठेवून पाहतां, परका मनुष्य परक्या देशांत पेढी कशी उभी करतो हें चांगलें उमगतें, आणि आपल्या संशोधनांतील एक मोठी उणीवही उघडी पडते. ह्या दोन्ही गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) 'लार्सन' ह्या नांवाचा विचार

'लार्स' हें लॅटिन 'लॉरेंतिउस' ह्या नांवाचें उत्तरेकडील रूप होय. त्यास 'सेन' म्हणजे पुत्र हा शब्द जोडला कीं 'लार्सन' होतें. अर्थ, लार्सचा मुलगा. पाणिनीच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हा अपत्यार्थक तद्धित होय. दशरथाचा तो दाशरथि, गर्गाचा तो गार्ग्य, त्याच जातीचें हें नांव. पूर्वीं डेन्मार्क व नॉर्वे ह्या देशांत हें नांव पिढीगणिक बदलत असे. लार्सचा मुलगा पेटर हा पेटर लार्सन, आणि पेटरचा मुलगा हान्स हा हान्स पेटरसन. पुढें एकोणिसाव्या शतकापासून हीं नांवें कुलनामें म्हणून स्थिर होत गेलीं, आणि ज्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं अशा हजारों घराण्यांस एकच नांव चिकटलें. भेद दाखविण्यासाठीं कित्येक लोक आणखी एक कुलनाम पुढें जोडतात. मुंबईचे लार्सन हे पुरतेपणीं 'होल्क-लार्सन' आहेत तें अशाच प्रकारचें.

तेव्हां 'लार्सन' ह्या नांवावरून नातें जोडणें म्हणजे 'जोशी' ह्या आडनांवावरून नातें जोडण्यासारखें आहे. पेशवाईंतील बारामतीकर सावकार बाबूजी नाईक ह्यांचें आडनांव जोशी होतें. म्हणून दप्तरांतील प्रत्येक जोशी बारामतीकर ठरत नाहीं. हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

(३) कोन्याक येथील व्यापाराचें स्वरूप

फ्रान्सच्या पश्चिमेस शारांत नांवाची नदी आहे. तिच्या कांठीं कोन्याक हें गांव व त्याच्या पूर्वेस झार्नाक हें दुसरें. ह्या प्रदेशांतील द्राक्षांच्या मद्यापासून जी ब्रँडी काढतात तिला गांवाच्याच नांवावरून कोन्याक म्हणतात. स्थळावरून मद्यास नांव देण्याची ही रीत आपल्याकडे अपरिचित नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षांच्या मद्यास 'मधु' म्हणून त्याचे देशपरत्वें 'कापिशायन' व 'हारहूरक' असे दोन प्रकार सांगितले आहेत. आणि कापिशी ह्या नगरीच्या नांवापासून कापिशायन हा शब्द कसा साधावा ह्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें आहे. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानांतील बेग्रामचा परिसर. माल ज्या गांवचा त्या गांवाचें नांव हेंच त्याच्या गुणाचें प्रमाण, ही समजूत इतकी जुनी आहे.

'ब्रँडी' हा शब्द मात्र फ्रेंच नव्हे. तो डच भाषेंतील 'ब्रांडवाइन', म्हणजे जाळलेलें मद्य, ह्यावरून आला. उत्तरेकडील जहाजें ह्या किनाऱ्यावर आधीं मिठासाठीं येत आणि पुढें मद्यही नेऊं लागलीं. येथील मद्य पातळ व आंबट; लांबच्या प्रवासांत तें टिकत नसे. तें आटवून अर्क केला तर टिकतें आणि गलबतांत जागाही थोडी लागते, म्हणून डच व्यापाऱ्यांनीं हा मार्ग धरला. अर्थात् ह्या धंद्याचा जन्मच परदेशी गिऱ्हाइकासाठीं झाला आहे, हें ध्यानांत ठेवावें.

कृति थोडक्यांत अशी. तांब्याच्या भट्टींत मद्य दोनदां चढवितात. पहिल्या खेपेस गढूळ व सौम्य अर्क निघतो. तो पुनः चढविला म्हणजे बहात्तर टक्क्यांच्या आंत-बाहेर तीव्रतेचा स्वच्छ अर्क मिळतो. अदमासें नऊ लिटर मद्यापासून एक लिटर अर्क होतो. नंतर तो ओक लाकडाच्या पिंपांत भरून थंड तळघरांत ठेवावयाचा. रंग व सुगंध हे लाकडापासून येतात. कायद्यानें निदान दोन वर्षें तरी पिंपांत ठेवावेंच लागतें. वरच्या प्रतीस चार, दहा किंवा त्याहून अधिक. ह्या काळांत दरसाल सुमारें दोन टक्के माल लाकडांतून वाफ होऊन निघून जातो. त्यास तेथील लोक देवदूतांचा वांटा म्हणतात. आमच्याकडे खळ्यावरील धान्याची वाट लावतांना बलुत्यांचा वांटा आधीं निघे. तिकडे देवदूत आधीं आपला वांटा उचलतात.

ह्यावरून त्या व्यापाऱ्याची अडचण लक्षांत येईल. त्याच्या मालकीचे द्राक्षमळे असतीलच असें नाहीं. शेतकऱ्यांकडून अर्क विकत घ्यावयाचा, वर्षानुवर्षें साठवावयाचा, निरनिराळ्या वर्षांचे अर्क मिसळून एकच चव कायम राखावयाची, आणि आपल्या नांवाची चिठ्ठी लावून विकावयाचा, हें त्याचें काम. आमच्याकडील गुळाचा आडत्या ढेप आली त्याच आठवड्यांत ती विकूं शकतो. कोन्याकच्या व्यापाऱ्याचें भांडवल मात्र तळघरांत कोंडून पडतें. म्हणून त्यास दोन गोष्टी लागतात. एक पतपेढीचा विश्वास, आणि दुसरी दूरच्या देशांतील खात्रीचें गिऱ्हाईक. परक्या मनुष्याजवळ पहिली गोष्ट क्वचित् असते. दुसरी मात्र असूं शकते. तेथेंच त्याचा प्रवेश होतो.

म्हणूनच कोन्याकच्या नामांकित पेढ्यांचे कित्येक मूळ पुरुष परदेशी आहेत. झां मार्तेल हे जर्सी बेटावरून आले आणि त्यांनीं १७१५ सालीं धंदा मांडला. रिचर्ड हेनेसी हे आयर्लंडचे, फ्रेंच सैन्यांत अधिकारी होते. त्यांची पेढी १७६५ सालची. टॉमस हाइन हे इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्याचे. ते झार्नाक येथील एका पेढींत शिरले, मालकाच्या मुलीशीं विवाह केला, आणि १८१७ पासून पेढीस त्यांचें नांव लागलें. ह्या तीन उदाहरणांत पुढील सर्व कथेचा सांचा दिसतो.

(४) नॉर्वेहून गेलेले तिघे

विसाव्या शतकाच्या आगेमागें नॉर्वेचे जे तरुण ह्या प्रदेशांत गेले त्यांपैकीं तिघांची नांवें आजही बाटल्यांवर टिकून आहेत.

पहिले स्वेरे ब्रोस्टाड. हे १८९९ सालीं, वयाच्या विशीच्या सुमारास, कोन्याकला गेले आणि दुसऱ्यांच्या पदरीं राहून धंदा शिकले. १९१३ सालीं त्यांनीं एडिथ रूसो ह्या बाईंशीं विवाह केला. बाईंचें आप्तकुल झार्नाक येथील टिफों पेढीचें मालक होतें. १९१९ सालीं ती पेढी ब्रोस्टाड ह्यांच्या हातीं आली.

दुसरे थॉमस बाके-गाब्रिएल्सेन. हे होल्मेस्त्रांद ह्या गांवचे, सैन्यांत लेफ्टनंट होते. १९०३ सालीं ते कोन्याकला गेले, आणि दोनच वर्षांनीं, १९०५ सालीं, पेटर रुस्टाड ह्या आपल्या देशबांधवास भागीदार घेऊन त्यांनीं द्यूप्युई नांवाची चालू पेढी विकत घेतली.

तिसरे आमच्या बाटलीवरचे, येन्स रायदार लार्सन. त्यांची पेढी १९२६ सालची. त्यांनीं आपल्या मालासाठीं चिन्ह निवडलें तें फ्रान्सचें नव्हे, तर आपल्या पूर्वजांचें : वायकिंग लोकांचें शिडाचें जहाज. परदेशीं राहून मायदेशाची खूण मालावर उमटविण्याचा हा प्रकार मोठा अर्थपूर्ण आहे. चिठ्ठीवरील गांव फ्रेंच, म्हणून माल अस्सल. जहाज उत्तरेकडील, म्हणून विकणारा आपला, अशी दुहेरी साक्ष त्या एका बाटलीनें दिली.

ह्या काळाचा संदर्भ सांगणें अवश्य आहे. पहिल्या महायुद्धांत नॉर्वेनें तीव्र मद्यांवर निर्बंध घातले आणि १९१९ च्या सार्वमतानें दारूबंदी कायम केली. परंतु नॉर्वेची मासळी ज्या देशांस जात असे त्यांत द्राक्षमद्य पिकविणारे देश मोठे होते. "तुम्ही आमचें मद्य घेणार नसाल तर आम्ही तुमची मासळी कां घ्यावी?" असा त्यांचा रोख राहिला. १९२२ सालीं सरकारनें मद्यविक्रीचा मक्ता एका सरकारी संस्थेकडे सोंपविला, आणि १९२६ च्या ऑक्टोबरांत दुसरें सार्वमत होऊन दारूबंदी नाकारली गेली. ती १९२७ सालीं उठली. लार्सन ह्यांच्या पेढीचें वर्ष व हें सार्वमत ह्यांचा मेळ पाहून दोहोंत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतों. दोन घटनांचें साल एक असणें ही सूचना होय, प्रमाण नव्हे. एवढें मात्र खास कीं, एका देशांतील मासळीचा भाव व दुसऱ्या देशांतील तळघर ह्यांचा संबंध असा प्रत्यक्ष होता.

लार्सन पेढी पुढें कुटुंबाच्या हातून गेली. २०१२ सालीं ती एका मोठ्या फ्रेंच मद्यकंपनीनें घेतली आणि २०१३ सालीं फिनलंडच्या कंपनीकडे दिली. नांव तेंच राहिलें. पेढीचें नांव हें संस्थापकाहून व त्याच्या वंशाहून दीर्घायुषी असतें.

(५) मुंबईंतील दोघे डेन

आतां दुसऱ्या लार्सनकडे वळूं. हेनिंग होल्क-लार्सन ह्यांचा जन्म १९०७ सालचा. त्यांचे भागीदार सोरेन क्रिस्तियन टुब्रो हे १९०६ सालचे. दोघेही कोपनहेगनच्या अभियांत्रिकी विद्यालयांत शिकलेले, आणि दोघेही एफ्. एल्. स्मिथ ह्या डॅनिश कंपनीचे नोकर. ही कंपनी सिमेंटच्या कारखान्यांचीं यंत्रें करी. टुब्रो हे १९३४ सालीं कोइंबतूरजवळील मदुक्कराई येथील सिमेंटच्या कारखान्याच्या कामावर आले. १९३६ सालीं हिंदुस्थानांतील सिमेंटच्या कंपन्या एकत्र होऊन ए. सी. सी. ही संस्था झाली. तिच्या संबंधीं होल्क-लार्सन हे १९३७ सालीं इकडे आले.

दोघांनीं नोकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्याचें ठरविलें तें माथेरानला सुटींत असतांना, असें सांगतात. १९३८ सालीं मुंबईंत भागीदारी सुरू झाली. बॅलार्ड इस्टेटमधील त्यांची कचेरी इतकी लहान होती कीं एका वेळीं एकच भागीदार आंत बसूं शके, दुसऱ्यानें बाहेर गिऱ्हाईक शोधावें, अशी हकीकत कंपनी स्वतःच सांगत आली आहे. धंदा आडतीचा : डेन्मार्कचीं दुधाच्या धंद्याचीं यंत्रें मागवून येथें विकावयाचीं.

हा धंदा दोन वर्षांतच बुडावा असा प्रसंग आला. १९३९ सालीं महायुद्ध पेटलें आणि एप्रिल १९४० मध्यें जर्मनीनें डेन्मार्क व्यापिलें. मायदेशाहून माल येणें थांबलें. ज्या आडत्याजवळ विकावयास माल नाहीं त्यानें काय करावें? एक तर दुकान बंद करावें, नाहीं तर तो माल येथेंच करावा. ह्यांनीं दुसरा मार्ग घेतला. लहानशी कर्मशाळा काढून दुधाचीं यंत्रें येथेंच बनविण्यास आरंभ केला. युद्धकाळांत मुंबई बंदरांत जहाजांची दुरुस्ती हें मोठें काम होतें. तेंही त्यांनीं पत्करलें. टाटांच्या सोडा ॲशच्या कारखान्याचें काम जर्मन तज्ज्ञ युद्धामुळें दूर झाल्यावर ह्यांच्याकडे आलें, आणि तेथून मोठ्या कारखान्यांच्या उभारणीचा मार्ग खुला झाला. १९४४ सालीं बांधकामासाठीं वेगळी कंपनी निघाली. १९४६ च्या फेब्रुवारींत भागीदारीचें रूपांतर खासगी मर्यादित कंपनींत झालें. १९४८ सालीं पवई येथें पंचावन्न एकर दलदलीची व झाडीची जमीन घेतली. १९५० सालीं वीस लाख रुपयांच्या भरणा भांडवलावर कंपनी सार्वजनिक झाली.

टुब्रो हे १९८२ सालीं वारले. होल्क-लार्सन ह्यांस १९७६ सालीं मॅगसेसे पुरस्कार व २००२ सालीं पद्मभूषण हे मान मिळाले, आणि २००३ सालीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, त्यांचा देहान्त मुंबईंतच झाला. ज्या नगरींत पेढी घातली तेथेंच देह ठेवला.

(६) दोहोंची तुलना

वरील हकीकतींतून तीन विशेष हातीं लागतात.

पहिला विशेष हा कीं, दोन्ही लार्सन ज्या वाटेनें गेले ती वाट त्यांच्या आधीं रुळलेली होती. कोन्याकांत परदेशी पेढ्या दोनशें वर्षांपासून होत्या, व नॉर्वेचे दोघे येन्स लार्सन ह्यांच्या पुढें गेले होते. मुंबईंत सिमेंटच्या निमित्तानें डॅनिश यंत्रें आधींच आलीं होतीं. एकट्यानें अरण्य तोडून वाट केली असें क्वचितच घडतें.

दुसरा विशेष मालाच्या दिशेचा. कोन्याक हा माल दुसरीकडे होऊंच शकत नाहीं. १९०९ सालीं फ्रेंच सरकारनें त्या प्रदेशाच्या सीमा आंखून दिल्या, आणि १९३६ सालीं त्या नांवास कायद्याचें पूर्ण संरक्षण मिळालें. तेव्हां नॉर्वेच्या व्यापाऱ्यास तिकडे जाऊन राहणें भाग होतें. माल परक्या देशचा, गिऱ्हाईक मायदेशचें. मुंबईच्या डेन लोकांची गोष्ट उलट. माल मायदेशचा, गिऱ्हाईक परक्या देशचें. म्हणून युद्धानें मायदेशाचा रस्ता बंद होतांच त्यांस आडत सोडून कारखानदार व्हावें लागलें. एकाचा माल भूमीशीं बांधलेला, दुसऱ्याचा विद्येशीं. विद्या मनुष्याबरोबर प्रवास करते, भूमि करीत नाहीं.

तिसरा विशेष नात्याचा. परक्यास पत लागते, आणि पत ही कोणाच्या तरी नात्यावर मिळते. हाइन व ब्रोस्टाड ह्यांस ती विवाहानें मिळाली. बाके-गाब्रिएल्सेन ह्यांनीं देशबांधवाशीं भागीदारी केली व जुनी पेढी विकत घेऊन तिची पतही घेतली. होल्क-लार्सन व टुब्रो ह्यांस विद्यालयाचें व पूर्वीच्या नोकरीचें नातें उपयोगी पडलें.

ह्या गोष्टी पाहण्यास फ्रान्सपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आमच्या बारामती-इंदापूर तालुक्यांचा अर्वाचीन इतिहास हा बहुतेक बाहेरून आलेल्यांचाच आहे. १८८५ सालीं नीरा डावा कालवा सुरू झाला आणि दुष्काळी माळावर ऊंस उभा राहिला. सासवडकडील माळी बागाईतदार कालव्याच्या पाण्यामागें सरकत गेले, व १९३२ सालीं अकलूजजवळ माळीनगर येथें त्यांनीं स्वतःचा साखर कारखाना काढला. इंदापूर तालुक्यांत कळंब येथील जमिनीवर १९३० च्या दशकांत शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं कारखाना उभा केला. तेंच आजचें वालचंदनगर. वालचंदांचें घराणें मूळ काठेवाडांतील वांकानेरचें, आणि जन्म सोलापूरचा. पुढें वालचंदनगरास साखरेच्या यंत्रांबरोबर सिमेंटच्या कारखान्याचींही यंत्रें होऊं लागलीं. म्हणजे ज्या विद्येच्या निमित्तानें ते दोघे डेन ह्या देशांत आले, ती विद्या आमच्या शेजारच्या तालुक्यांत येऊन स्थिरावली.

(७) पुराव्याविषयीं

आतां मुख्य मुद्दा. अशा चरित्रांचा पुरावा काय? बाटलीवर छापलेलें साल हा विकणाऱ्याचा दावा असतो, आणि तो नीट वाचावा लागतो. टिफों पेढी १८७५ सालची; परंतु ब्रोस्टाड तिचे धनी झाले १९१९ सालीं. द्यूप्युई पेढी १८५२ सालची. बाके-गाब्रिएल्सेन ह्यांनीं ती घेतली १९०५ सालीं. मुंबईच्या कंपनीचें जन्मसाल १९३८ म्हणावें, १९४६ म्हणावें कीं १९५० म्हणावें? भागीदारी, खासगी कंपनी व सार्वजनिक कंपनी ह्या तीन अवस्थांचीं तीन सालें आहेत, आणि तिन्हीं खरीं आहेत. सनद कधीं झाली, ताबा कधीं मिळाला व वहिवाट कधीं सुरू झाली ह्या तीन तारखा एक समजून आमच्यांतील किती वाद उगाच लांबले हें वाचक जाणतात. माथेरानची व लहान कचेरीची गोष्ट ही आख्यायिका ह्या सदरांत पडते. नोंदणीचे दाखले हे कागद ह्या सदरांत. दोन्ही ठेवाव्या, पण एका पेटींत ठेवूं नयेत.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतींत निदान एवढा विवेक करण्यापुरतें साहित्य उरतें. लहान पेढ्यांचें काय होतें ह्याची एक कबुली आम्हांस दिली पाहिजे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेंत शिकवीत असतांना, आमच्या भागांतील गुळाच्या आडतीचा धंदा बंद केलेल्या एका कुटुंबांतील वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचे आजोबा परप्रांतांतून आले होते. आम्ही जुने कागद जमवितों हें ऐकून त्यांनीं एक ट्रंक बैलगाडींतून आणली. आम्हीं ती उघडली. आंत लाल कापडाच्या बांधणीच्या चोपड्या, रोजकीर्दी, खतावण्या, बाहेरगांवच्या व्यापाऱ्यांचीं पत्रें. पेशवाईंतील एकही कागद नव्हता. मोडी लिपी होती, पण शिक्का नव्हता, मोर्तब नव्हतें. आम्हीं दोन घटका चाळून, "हें हिशेबाचें आहे, ह्यांत इतिहास नाहीं," असें सांगून ती ट्रंक परत पाठविली.

पांच-सहा वर्षांनीं कालव्याच्या पहिल्या काळांतील गुळाची आडत कशी चाले ह्याचा शोध घेण्याची आम्हांस इच्छा झाली. तेव्हां आम्ही त्यांच्या घरीं गेलों. वृद्ध गृहस्थ वारले होते. चोपड्या रद्दींत गेल्या होत्या. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी म्हणायचे, गुरुजींनींच सांगितलं कीं ह्यांत कांहीं नाहीं, मग ठेवून काय करायचं?" ह्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. परका मनुष्य आमच्या तालुक्यांत आला, त्यानें पत कोणाकडून मिळविली, पहिला माल कोणास विकला, कोणाची भागीदारी केली, हें सर्व त्या ट्रंकेंत होतें. आणि तें आमच्या अज्ञानानें गेलें. आमच्या शेतांतून उगवलेल्या ह्या चरित्रापेक्षां कोन्याकच्या लार्सनविषयीं आज आम्हांस अधिक सांगतां येतें, हीच त्या चुकीची शिक्षा.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंती आहे. व्यापारी घराण्याचें दप्तर हातीं आलें तर राजकीय कागद नाहींत म्हणून तें टाकूं नये. रोजकीर्द, खतावणी, हुंड्यांची नक्कलवही, भागीदारीचे करार, आवक-जावक पत्रें, मालाच्या छापील चिठ्ठ्या व भावाच्या याद्या, हें सर्व ठेवावें. रुमाल सोडतांना चोपड्यांचा मूळ क्रम मोडूं नये. कोणती चोपडी कोणत्या रुमालांत होती तें लिहून ठेवावें. घरांतील वडीलधारी मंडळी कुटुंब कोठून व कोणाबरोबर आलें ह्याविषयीं जें सांगतील तें सांगणाराच्या नात्यासह व तारखेसह वेगळ्या वहींत टिपावें, आणि कागदाशीं ताडून पाहावें. जुळलें नाहीं तरी खोडूं नये.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व सांगितलें, तेव्हां त्यानें थोडा विचार करून म्हटलें कीं, त्याच्या आजोळीं माळ्यावर एक चोपड्यांचें गांठोडें आहे. आजी तें रद्दींत देणार आहे. आम्हीं त्यास दुसऱ्याच दिवशीं एस्. टी. नें तिकडे पाठविलें. गांठोडें आलें आहे. वाळवीनें एक कोपरा खाल्ला आहे, बाकी सुस्थितींत आहे. तीन चोपड्या वाचून झाल्या. राहिलेल्यांचें काम चालू आहे. त्यांतील निवडक नोंदी पुढील अंकांतून वाचकांस सादर करूं.